तिच्या वाट्याचे पंधरा किलो

विमानतळावर सामान घेणाऱ्या मुलीला मी सांगितलं, की माझी बायको बाथरूमला गेली आहे. त्या वेळी माझी बायको हैदराबादेतच, पण आमच्या मुलीच्या स्वयंपाकघरात उभी राहून दोडके चिरत होती.

दोडके होते की भेंडी, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. बाकी सगळं खरं आहे.

मी आमगावचा. उभा जन्म एका राइस मिलमध्ये मुनीम म्हणून गेला. मुलगी एकच, ती लग्न होऊन हैदराबादेत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायची रीत, पण तिची डॉक्टर तिकडे, नोकरी तिकडे, म्हणून माहेरच तिकडे न्यायचं ठरलं. माहेर म्हणजे माझी बायको. दिवाळी झाल्यावर ती दोन महिन्यांसाठी गेली. धान कापून झाला, मळून झाला, विकून झाला, शेतातल्या बांधीत उन्हाळी धानाची रोपं लावून रोवणा झाला, नात पालथी पडायला लागली, बसायला लागली, आणि बायकोचे दोन महिने काही संपेनात.

मी एकटा घरी. भाताचा अंदाज हाताला दोन माणसांचा बसलेला, तो बदलेना. उरलेला भात सकाळी फोडणी देऊन खायचा आणि त्यातून उरलेला संध्याकाळी पुन्हा. बाहेर जाताना टीव्ही चालू ठेवून जायला लागलो, म्हणजे परतल्यावर कुलूप काढताना आत कोणीतरी बोलत असायचं. एकदा शेजारचा किराणा दुकानदार दारात येऊन उभा राहिला.

"पाहुने आले का गा तुह्याकडे? दुपारपासून बाया बोलून राहिल्या घरात."

मी म्हणालो, "सिरियल आहे."

तो आत डोकावून टीव्ही पाहून गेला. त्यानंतर मात्र रोज विचारू लागला, "वहिनी कई येते?" आणि मी रोज सांगू लागलो, "या हप्त्यात." संध्याकाळ फारच अंगावर आली की स्टेशनवर जाऊन बसायचो. कुठं जायचं नव्हतं आणि कोणी यायचं नव्हतं. पण तिथं माणसं असतात, आणि बाकावर बसलेल्या माणसाला कोणी कारण विचारत नाही.

शेवटी ठरवलं, की आणायला जायचं. आपल्याकडे सासरवाशिणीला आणायला घरून माणूस पाठवतात, मुऱ्हाळी म्हणतात त्याला. मुऱ्हाळी दारात आला, की बाई लुगडी बांधायला घेते. तिला 'येतेस का' असं कोणी विचारत नाही आणि मुऱ्हाळी रिकामा परतत नाही, अशी रीत. माझ्या डोक्यात ही रीत पक्की होती. म्हणून मी जायचं माझं एक तिकीट काढलं आणि यायची दोन. गोंदियाजवळ बिरसीहून तेव्हा हैदराबादला विमान सुरू होतं, पंख्यांचं, लहानसं, एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला दोन असं बसायचं. परतीसाठी तिला खिडकी आणि मला तिच्या शेजारची जागा, असं मी निवडून घेतलं. खिडकीचे पैसे वेगळे लागले. ती खिडकी पुढं गोंदियापर्यंत रिकामीच आली, पण ते नंतर.

तिकीट काढणाऱ्या पोराला माझ्यापेक्षा जास्त अक्कल होती. तो म्हणाला, "काका, काकूले पुसलं ना? हे वापस नाही होत. मंग माह्यावर चिडाल."

"अरे, घरचा मानूस आनाले चालला, मंग येईल नाही तं काय करील ते?"

"तुमी म्हनता तं काढतो," तो म्हणाला, आणि काढलं.

जाताना बॅगेत चिन्नोर तांदूळ, लाखोळीची डाळ, जवसाची चटणी, आणि नातीसाठी शेजारणीनं शिवलेल्या दोन दुपटी घेतली. विमानात पंधरा किलोच सामान चालतं, हे मला माहीत होतं. मी ते मोजण्यात जन्म घालवलेला माणूस. जुन्या मिलमध्ये गेलो, काट्यावर बॅग ठेवली, आणि पंधरा किलो बरोबर बसवून आणलं. बिरसीच्या काउंटरवर तीच बॅग जड भरली. मी म्हणालो, तुमचा काटा बिघडला आहे. तिथल्या माणसानं रिकाम्या काट्यावर शून्य दाखवलं. मग माझ्या ध्यानात आलं. आमच्या धंद्यात धान तोलला, की पोत्याचं वजन वजा करतात, त्याला बारदाना कापणं म्हणतात. मी सवयीनं बॅगेचा बारदाना कापला होता. चाकांची, लोखंडी दांड्याची, जुनी जंगी बॅग, तिचं वजन मी धरलंच नव्हतं.

मी त्या माणसाला ही रीत समजावून सांगितली. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "काका, बॅग इथंच ठेवून जानार आहा का?"

"नाही."

"मंग तेही विमानातच बसून राहिली ना?"

जास्तीच्या वजनाचे पैसे भरले. पावती खिशात घातली आणि मनाशी म्हणालो, येताना दोन तिकिटं आहेत, म्हणजे तीस किलो, तेव्हा कोणाच्या बापाला एक पैसा द्यायचा नाही. पुढच्या सगळ्या गोंधळाला हा निश्चय कारणीभूत झाला, असं मी लोकांना सांगतो. ते अर्धंच खरं आहे.

मुलीच्या फ्लॅटचं दार बायकोनं उघडलं. तिच्या अंगात पंजाबी ड्रेस होता आणि पायात बूट. लेस बांधलेले, पांढरे. मी दोन पावलं मागं सरकून दारावरचा नंबर पाहिला.

"या आत," ती म्हणाली. "मी फिराले जाऊन राहिली होती. तुमी चहा घ्या, मी आलीच."

आणि गेली. खरंच गेली. खालच्या बागेत तिच्या चार मैत्रिणी वाट पाहत होत्या, दोन तेलुगू, एक बंगाली, एक कुठलीशी. त्यांच्याशी ती गोंदियाच्या बाजारात शिकलेल्या हिंदीत बोलायची आणि त्यांना ते कळायचंही. गॅलरीतून मी पाहत होतो. माझी बायको हात हलवून काहीतरी सांगत होती आणि बाकीच्या हसून हसून थांबत होत्या. माझ्या घरात ती इतकं लांबलचक काही सांगत असे का, हे मी आठवून पाहिलं. असेलही. मी ऐकलं नसेल.

तिकिटांची गोष्ट मी दोन दिवस पोटात ठेवली. योग्य वेळ पाहत होतो. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सगळे बसले होते, नात जावयाच्या मांडीवर होती, तेव्हा मी मोठ्या ऐटीत मोबाईल पुढं केला.

"परवाचं विमान आहे. तुले खिडकी घेतली."

बायकोनं आधी चष्मा शोधला. मग मोबाईल हातात घेऊन वाचला. मग तो मुलीला दिला, जणू तिला आलेला निरोप आहे.

"बाबा," मुलगी म्हणाली, "मी पुढच्या सोमवारपासून ऑफिसला जाऊन राहिली आहे. आई नसली तर हिला कोण पाहील?"

"बाई ठेवा."

"ठेवू. मिळाली की ठेवू."

"अवं, पोरीच्या घरी एवढे दिवस राहणं बरं दिसत नाही," मी बायकोकडे वळलो. "आपल्याकडे तं पोरीच्या घरचं पानीसुद्धा..."

"तिसरा कप चालू आहे तुमचा," बायको म्हणाली.

जावई उठून गॅलरीत गेला. समजूतदार माणूस आहे.

"मी मुऱ्हाळी म्हणून आलो," मी शेवटचं अस्त्र काढलं.

"मुऱ्हाळी बापाच्या घरून येते," ती म्हणाली. "तुमी कोनाच्या घरून आले?" मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "काऊन, भाताले काही होऊन राहिलं का तुमच्या?"

मला सांगायचं होतं, की भात चांगला होतो, फक्त जास्त होतो. पण मुलगी बसलेली, आणि या वयात असलं बोलायचं कसं, म्हणून मी म्हणालो, "नाही, तसं काही नाही. तिकीट वाया जाईल म्हणून म्हणत होतो."

हेच नडलं. तिकीट वाया जाणं हा शब्द तिनं धरला. आमच्या घरात काही वाया जात नाही. दुसऱ्या दिवशी तिनं तिची बॅग काढली तेव्हा माझ्या काळजात लख्ख झालं. मग ती बॅग भरू लागली आणि मला म्हणाली, "माह्या तिकिटावर पंधरा किलो येते ना? मंग हे घेऊन जा." तिचं स्वेटर, शाल, मी एवढे महिने पाठवलेल्या जिनसांचे रिकामे स्टीलचे डबे, आणि साड्या. जवळजवळ सगळ्याच.

"साड्या काऊन?"

"इथं नाही लागत. जागा अडते."

मी साड्यांकडे दोन बाजूंनी पाहिलं. एका बाजूनं पाहिलं, तर साड्या घरी जातात म्हणजे मागून बाईही जाणार. दुसऱ्या बाजूनं पाहिलं, तर तिला त्या आता लागत नाहीत. दिवसभर मी पहिल्या बाजूलाच राहायचं ठरवलं. विमानाचं चेक-इन मोबाईलवर करायचं असतं, ते करायला बसलो तेव्हा त्यानं विचारलं, कोणकोणते प्रवासी. दोन नावं होती. मी दोन्हींवर खूण केली. बाईचं मन आहे, सकाळपर्यंत काय होईल सांगता येत नाही, असा माझा हिशेब. सकाळी तिनं मला पोळ्या बांधून दिल्या. एका माणसाच्या.

जावयानं विमानतळावर सोडलं आणि तो ऑफिसला गेला. मी दोन बॅगा ढकलत काउंटरवर गेलो. तिथली मुलगी नांदेडकडची निघाली, माझ्या हिंदीतलं मराठी तिनं लगेच ओळखलं. तिनं विचारलं, "काका, मॅडम कुठं आहेत?"

तेव्हा खरं सांगितलं असतं, तर एका तिकिटाच्या पंधरा किलोंवरच्या वजनाचे पैसे भरून मी मोकळा झालो असतो. पण बिरसीची पावती डोळ्यापुढं आली. आणि आणखी एक होतं. 'त्या आल्या नाहीत' हे वाक्य मी अजून कोणाजवळच बोललो नव्हतो, आणि पहिल्यांदा बोलायचं ते या काउंटरवर, मागं रांग उभी असताना, हे काही जमेना.

"बाथरूमला गेली," मी म्हणालो.

"आल्या की एकदा दाखवून जा हं," ती म्हणाली. माझे पांढरे केस पाहून तिनं विश्वास ठेवला. माझ्या बॅगेला माझ्या नावाची पट्टी लागली, तिच्या बॅगेला तिच्या नावाची. दोन्ही बॅगा पट्ट्यावर एकामागं एक चालत गेल्या आणि रबरी पडद्याच्या आड झाल्या. मला बरं वाटलं, हे कबूल करतो. निदान नाव तरी गोंदियाला चाललं.

आत जाऊन गेटपाशी बसलो. आजूबाजूला सगळी आपल्याकडची माणसं: एक कापडवाला व्यापारी, कोणाची तरी मोठी वरात-पार्टी, दोन डॉक्टर. बोर्डिंग सुरू झालं. मी रांगेत घुसलो नाही, कशाला घाई. रांग संपत आली तेव्हा भोंग्यावर तिचं नाव आलं.

तिचं पूर्ण नाव. पुढं श्रीमती, मग तिचं, मधे माझं, मग आडनाव. बोलणारी बाई तेलुगू असावी, माझ्या नावापाशी तिची जीभ अडखळली आणि तिनं मला दोन तुकड्यांत उच्चारलं. बायकोचं नाव मी आयुष्यात एकदा घेतलं, लग्नात, उखाण्यात, तेही मागून कोणीतरी ढोसल्यावर. त्यानंतर 'अवं'वर संसार झाला. आता ते नाव एवढ्या मोठ्या काचेच्या इमारतीत फिरत होतं, खाण्याच्या दुकानांवरून, सरकत्या जिन्यावरून. पुन्हा आलं. मला उठून सांगायला हवं होतं, की ती नाही. मी बसून राहिलो. तिसऱ्यांदा आलं तेव्हा मला वाटलं, एवढ्या मोठ्यानं बोलावल्यावर माणूस येईलसुद्धा.

"अरे किसकी घरवाली है भाई?" कापडवाला रांगेतून ओरडला. "ढूंढो कोई! फ्लाइट लेट करा रही है!"

सगळ्यांनी माना वळवून पाहिलं. मीही मान वळवून पाहिलं.

मग नांदेडची मुलगी आली. धावत आली होती, हातात वॉकीटॉकी, केसांची पिन निसटलेली.

"काका, मॅडम?"

"बाथरूम..."

"मी स्वतः बघून आले. दोन्हीकडची." ती माझ्यासमोर उभी राहिली. "काका, त्यांची बॅग विमानात चढली आहे. माणूस नसेल तर बॅग उतरवावी लागते. त्यांची तब्येत वगैरे... कुठं चक्कर येऊन पडल्या तर नाहीत ना?"

तिच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती. माझ्या बायकोसाठी अशी धावणारी ती एकटीच होती, आणि बायको तर पडलीही नव्हती.

"ती घरी आहे," मी म्हणालो.

"घरी म्हणजे?"

"पोरीच्या. इथंच. येत नाही म्हणाली."

तिनं निसटलेली पिन केसांत परत खोचली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं वॉकीटॉकीवर तेलुगूत काहीतरी सांगितलं, पलीकडून कोणीतरी ओरडलं. मग मला म्हणाली, "मला त्यांच्याशी बोलावं लागेल. त्यांनी स्वतः सांगायला पाहिजे, की येत नाहीत." तिकिटावर बायकोचा नंबर होता, आमगावच्या त्या हुशार पोरानं न विसरता घातलेला. त्या मुलीनं फोन लावला. भोंग्याच्या आवाजात ऐकू येईना म्हणून स्पीकर चालू केला. कापडवाला दोन पावलं जवळ आला.

"हॅलो, कोन?"

मुलीनं सगळं नीट सांगितलं. विमान, बॅग, बाथरूम. बाथरूमपाशी पलीकडे चाकूचा आवाज थांबला.

"बाथरूमले कायले जाऊ मी तिथं? मी घरी हाव. मी नाही येत, त्याईले सांगतलं होतं तसं."

"बॅग तुमचीच आहे ना, मावशी? काय आहे त्यात?"

"साड्या, सेटर, डबे. पाहून घे उघडून, काही नाही लपवलं. त्याईच्याच नावावर टाकून दे, जे काय लागन ते घेऊन घे त्याईच्यापासून."

"चालेल," मुलगी म्हणाली. "मग आम्ही विमान सोडतो."

हे ऐकलं आणि मला राहवलं नाही. मी वाकून फोनजवळ तोंड नेलं.

"अवं," मी म्हणालो, "अजून दार लागलं नाही. थांबवून ठेवलं आहे त्याईनं. तुह्यासाठीच. खिडकी आहे. जावयाले सांग, टॅक्सी..."

मला माहीत होतं, की तिच्या घरापासून इथवर यायला किती वेळ लागतो. तिलाही माहीत होतं. गेटवरच्या सगळ्यांनाच माहीत होतं. नांदेडच्या मुलीनं हातातला फोन तसाच धरून ठेवला आणि दुसरीकडे पाहिलं. कापडवाल्यानंही पाहिलं.

पलीकडे नात काहीतरी आपटत होती. कुकरची एक शिट्टी झाली. बायकोनं गॅस बारीक केला असावा, कारण तिचा आवाज जरा लांबून आला, मग जवळून.

"बाई, आयकून राहिली ना तू?" ती त्या मुलीला म्हणाली. "आधी त्याईले आत बसव, अन् दार लावून घे. उघडं दिसलं का हे मांगं फिरतेत."